आदिलाबादच्या वाटेवर

पांढरकवडा मागे टाकून दक्षिणेचा रस्ता धरला म्हणजे थोड्याच वेळात पैनगंगेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. तथापि नदी ओलांडल्यावर माती बदलत नाही. तीच काळी जमीन आणि तीच कपाशी. दुकानांच्या पाट्या तेवढ्या तेलुगू होतात; बाजारात मात्र मराठी बोलणाऱ्यास मराठीत उत्तर मिळते. या वाटेने आमच्या घराण्याचे जाणे-येणे फार जुने. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी जो प्रवास केला, त्याचे कारण मात्र जरा वेगळे होते. मालवाहू गाडीत माझ्या पाठीमागे, गोणपाटात गुंडाळलेले, एक जुने इंजिन होते.

हे इंजिन आमच्या जीपचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून ६ लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांपैकी कित्येक ठिकठिकाणी विकल्या गेल्या. तशीच एक, अनेक हात फिरून, १९६१ साली माझ्या वडिलांकडे आली. पावसाळ्यात बैलगाडीही जेथे रुतत असे, तेथून वडिलांनी या जीपमधून बाळंतिणी आणि तापाचे रोगी यवतमाळच्या इस्पितळात पोहोचविले. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा अनेकांप्रमाणे आम्हीही तिच्यात डिझेलचे इंजिन बसविले. मूळचे इंजिन गोठ्यात दोन ओंडक्यांवर ठेवले गेले आणि तेथेच राहिले.

वडील आता अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. दृष्टी जवळजवळ गेली आहे, परंतु कान शाबूत आहेत. एके दिवशी ते सहज म्हणाले, “तिचा तो आवाज एकदा ऐकायला मिळाला असता, तर बरे झाले असते.” त्या एका वाक्यासाठी हा खटाटोप.

आरंभी मी चुकलो, हे कबूल केले पाहिजे. वाटेवरच्या एका शहरातील कारखानदाराने मला इंजिन तांबड्या रंगात रंगवून, झाकणांस क्रोमचा मुलामा देऊन, आरशासारखे लखलखीत करून देण्याचे आश्वासन दिले. मी भुललो आणि आगाऊ रक्कमही देऊन बसलो. दोन महिन्यांनी इंजिन परत आले, ते बाहेरून अर्धवट घासलेले आणि आतून तसेच गंजलेले. काही मूळचे बोल्टही हरवले होते.

आदिलाबादच्या मिस्त्रींनी ते पाहिले आणि प्रथम रंगाची गोष्टच काढली नाही. त्यांनी एका पितळी परातीत सर्व बोल्ट ओतले, रॉकेलने धुतले आणि भिंग घेऊन एकेक तपासू लागले. काही बोल्टांच्या माथ्यावर इंग्रजी ‘एफ्’ हे अक्षर कोरलेले होते. फोर्डच्या कारखान्यात बनलेल्या जीपच्या बोल्टांवर ही खूण असे. इंजिनाच्या क्रमांकाआधीही फोर्डचीच अक्षरे होती. मात्र परातीतील निम्म्या बोल्टांवर अशी खूण नव्हती.

“मग उरलेलेही खुणेचेच शोधून आणावेत काय?” मी विचारले.

“भाऊ, दोन्ही कारखान्यांचे भाग एकमेकांस बसावेत अशीच सरकारची अट होती,” मिस्त्री म्हणाले. “युद्धात जो हाताशी आला तो बोल्ट लावला. ही सरमिसळ खोटी नाही. ती या इंजिनाची हकिकतच आहे. खोटे ते क्रोम.”

नंतर त्यांनी स्टार्टरची मोटर काढली आणि तिच्या बैठकीखाली, जेथे कोणाचा ब्रश कधी पोहोचला नव्हता, तेथे नखाने हलकेच खरवडले. काळपट थराखाली राखाडी रंग निघाला. रंगाचा प्रश्न तेथेच मिटला.

इंजिन चार सिलिंडरांचे, सुमारे २.२ लिटरचे, साठ अश्वशक्तीचे. त्याचे व्हॉल्व्ह माथ्यावर नसून बगलेस असतात. पिस्टन जाम झाले होते. सिलिंडरांत रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण भरून ते तसेच मुरू द्यावयाचे, घाई करून हातोडा मारावयाचा नाही, असे मिस्त्रींनी बजावले. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस होते. त्याची धूळ फुप्फुसांस घातक, म्हणून ते पाण्याने भिजवून मगच काढले. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. त्याने जुन्या धर्तीचे रबर फुगते आणि चिरते. म्हणून पेट्रोलची नळी बाहेरून जुन्या वळणाची, परंतु आतून नव्या रबराची घेतली. जेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तेथे जुन्याचा हट्ट धरू नये, हा त्यांचा नियम मला पटला.

पिस्टन सुटण्यास चार-पाच दिवस लागणार होते. तेवढ्यात मी उटनूरच्या बाजूस जाऊन आलो. गुडीहत्नूरला महामार्ग सोडला की इंद्रवेल्लीवरून वाट सागाच्या रानांत शिरते. पुढे जैनूरच्या परिसरात मार्लवाई हे गोंडांचे गाव आहे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हा हा भाग आसिफाबादकडे गेला. युद्धकाळात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ शत्रुपक्षाचे नागरिक ठरले आणि त्यांस हैदराबाद संस्थानात राहावे लागले. त्या काळात ते मार्लवाईत राहिले. १९४३ साली तेथे गोंड शिक्षकांसाठी शिक्षणकेंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषेची पहिली क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत निघाली. त्यांच्या पत्नी बेटी १९८७ साली निवर्तल्या. त्यांची समाधी याच गावी आहे. ज्या युद्धाने आमची जीप घडविली, त्याच युद्धाने हा विद्वान या रानात आणून ठेवला, हा विचार समाधीपाशी उभा असताना मनात आला.

जवळच उशेगाव आहे. तेथील वोज कारागीर पितळेच्या डोक्रा मूर्ती ओततात. २०१८ साली या कलेस भौगोलिक मानांकन मिळाले. मातीचा गाभा करावयाचा, त्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून नक्षी उठवावयाची, वर पुन्हा माती लिंपावयाची. भट्टीत मेण वितळून वाहून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत पितळ शिरते. शेवटी साचा फोडावा लागतो. म्हणून एकासारखी दुसरी मूर्ती होत नाही. यंत्राच्या भागाची रीत नेमकी उलट. तेथे एकासारखा दुसरा झाला नाही, तर तो निकामी. तरीही दोन्हीकडचा कारागीर मला एकाच जातीचा वाटला. दोघेही धातूला घाई करीत नाहीत.

परत आलो तेव्हा पिस्टन सुटले होते. पुढील कित्येक आठवड्यांत सिलिंडर तासून घेतले, नवे पिस्टन बसविले, व्हॉल्व्ह घासून त्यांच्या बैठकींत चोख बसविले. राखाडी रंग लागला. माथ्याचे बोल्ट मधून कडेकडे, ठरल्या क्रमाने आवळले गेले. मग मी वडिलांना घेऊन आलो.

इंजिन लाकडी चौकटीवर उभे होते. वडिलांना खुर्ची दिली. त्यांनी हात पुढे करून थंड लोखंड चाचपले, बोटांना एका बोल्टावरचे अक्षर लागले, तेथे हात क्षणभर थांबला. मिस्त्रींनी हॅंडल मारले. एकदा, दोनदा, तीनदा, काहीच नाही. माझे काळीज धडधडू लागले. चौथ्या फेरीस इंजिन खोकले, धूर निघाला, आणि तो सावकाश, भरदार आवाज सुरू झाला.

वडील मान कलती करून बराच वेळ ऐकत होते. माझी अपेक्षा होती की त्यांचे डोळे पाणावतील. ते म्हणाले, “तिसरा सिलिंडर जरा वाजतो आहे.”

मिस्त्रींनी इंजिन बंद केले, ते निवू दिले, बगलेचे झाकण उघडले आणि फीलर गेज लावून पाहिले. तिसऱ्या सिलिंडरच्या एका टॅपेटचे अंतर खरोखरच अधिक होते. त्यांनी पाना ठेवला, वडिलांपुढे हात जोडले आणि म्हणाले, “बाबा, तुम्ही रोज येत जा.”

टॅपेट नीट करून पुन्हा हॅंडल मारले. या वेळी वडील काही बोलले नाहीत. बोटांनी खुर्चीच्या हातावर ते फक्त ताल धरीत होते.