गरीवर कोसा

ट्राउट मासा भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या सानगडीत कधी नव्हता आणि येणारही नाही. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागलं की त्याचा जीव कासावीस होतो; आमच्याकडे मे महिन्यात तलावाच्या पाळीवर चपलेतूनही चटका बसतो. 1900 च्या सुमारास इंग्रजांनी विलायतेहून त्याची अंडी आणून काश्मीरच्या ओढ्यांत तो वाढवला, पुढे निलगिरीतही. भंडाऱ्याच्या वाट्याला मरळ आली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रश्शात मरळीपुढे ट्राउट टिकेल असं मला वाटत नाही. पण त्याच्यासाठी साहेबलोक जी नकली आळी गरीवर बांधत, तिचं वेड मला इथे बसून लागलं.

आळी कॅडिस नावाच्या माशीची. चुलबंद नदीचं पाणी गुडघ्याखाली उतरलं की पात्रातला एखादा धोंडा उलटा करून पाहावा. खालच्या अंगाला वाळूच्या कणांची, बोटाच्या पेराहून लहान नळी चिकटलेली असते. उचलून तळहातावर धरली, तर काळसर डोकं आणि पुढचे पाय बाहेर डोकावतात आणि लगेच आत जातात. त्या नळीतला एकेक कण आळीने तोंडातून काढलेल्या रेशमाने सांधलेला, तोही पाण्याखाली, जिथे आपला डिंक घटकाभर टिकत नाही.

रेशीम म्हटलं की भंडाऱ्याच्या माणसाचे कान टवकारतात. कॅडिस आणि पतंग-फुलपाखरं ही सख्खी भावंडं. वीस कोटी वर्षांहूनही आधी वाटण्या झाल्या. एकाने पाणी घेतलं, दुसऱ्याने झाडं, रेशीम मात्र दोघांकडे राहिलं. आमचा टसरचा किडा ऐनाच्या पाल्यावर वाढतो आणि कोसा विणतो. ऐनावरचे किडे पाखरांपासून राखणारे आणि तलावात जाळं टाकणारे हात या भागात पुष्कळदा एकाच समाजाचे, ढिवरांचे. विलायतेतही रेशीम आणि मासेमारीचं हे नातं होतंच. नायलॉन येईपर्यंत गरीजवळची पारदर्शक तात रेशमाच्या किड्याची ग्रंथी ताणून काढत. स्पेनमधल्या मुर्सियात त्याचा मोठा धंदा होता. तेव्हा मी नकली आळीला कोसा गुंडाळतो ही निव्वळ लहर म्हणता येणार नाही.

बारीक गरी चिमट्यात धरायची. जळक्या मोटारीतली तांब्याची तार पुढच्या बाजूला चार-पाच वेढे घालून वजनाला ठेवायची. कोशाचा धागा उसवून त्याचा एकच पदर घ्यायचा आणि मागून पुढे लपेटत यायचं, मध्ये किंचित फुगवून. रंगवायची गरज नाही. कोशाचा मधाळ भुरा रंग आळीला जसाच्या तसा शोभतो. वरून तीच तार विरळ फिरवली की अंगावर वळ्या उमटतात. डोक्यासाठी रानात गळून पडलेल्या मोरपिसाचा एक केसर. ओला केला नाही तर हमखास तुटतो. दोन वेढे, गाठ, संपलं.

ही आळी सोडायची गावच्या तलावावर. इथले तलाव कोहळी समाजाच्या मालगुजारांच्या हातचे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. पाळ, पाणी सोडायचं तुडूम, जादा पाणी सांडायचा सलंग मात्र जागच्या जागी आहेत. पावसाळ्यात सलंगावरून पाणी सुटतं, तेव्हा आमच्याकडे ट्राउटच्या ओढ्याची थोडीफार नक्कल होते. धारेच्या कडेला आळी सोडायची, तळाशी जाऊ द्यायची, मग दोरी हळूच ताणून वर आणायची. खरी कॅडिसही पंख फुटायच्या वेळी अशीच वर येते, आणि मासा तेव्हाच झडप घालतो.

सलंगावर जाळं झटकत बसलेले काका बराच वेळ बघत होते. "बापू, गांडूळ लाव. घरी भाजी तरी होईल."

मी लावलं नाही. बोटभर रुपेरी मासोळी लागली. ती त्यांनी आपल्या टोपलीत टाकली, गरी डोळ्यांजवळ नेली आणि धागा नखाने खरवडून पाहिला.

"हा कोसा कोठून आनलास?"