इंद्रलोकाहून महाबळेश्वरास

इंद्रलोक म्हटला कीं ज्यांच्या डोळ्यांपुढें ऐरावत आणि कल्पवृक्ष उभे राहतात, त्यांनीं एकदां भाईंदर स्टेशनाच्या पूर्वेस उतरून नवघर रस्त्यानें यावें. आमचा इंद्रलोक म्हणजे सिमेंटच्या उंच इमारतींची दाट वसाहत. तिच्यापलीकडे मिठागरें व खारफुटी, उत्तरेस वसईची खाडी, आणि बारा महिने अंगास चिकटून राहणारी खारट हवा. कल्पवृक्ष नाहीं, पण मागितली कीं रिक्षा मिळते, हेंहि थोडकें नव्हे. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून आम्ही येथें पुतण्याच्या बिऱ्हाडीं राहतों. त्याच्याजवळ डिझेलची एक जुनी मोटार आहे. इंद्राच्या सारथ्याचें नांव मातलि, म्हणून आम्ही पुतण्यास त्याच नांवानें हांक मारतों.

ह्या लोकांत थंडी जवळजवळ नाहींच. सांताक्रूझच्या वेधशाळेंत नोंदलेलें सर्वांत कमी उष्णतामान ७.४ अंश, आणि तें २२ जानेवारी १९६२ चें. एरवीं पहांटे पंधरा अंश झाले तरी आमच्या वसाहतींत कानटोप्या दिसूं लागतात. मोटारीस मात्र ही थंडी नव्हेच. मातलि बसतो, किल्ली एकाच झटक्यांत शेवटपर्यंत फिरवतो, आणि इंजिन धडधडूं लागतें. समोर तारेच्या वेटोळ्यासारखें एक पिवळें चिन्ह क्षणभर पेटतें. त्याकडे तो पाहतहि नसे.

गेल्या जानेवारींत आमच्या वहिनींनीं, म्हणजे मातलीच्या मातोश्रींनीं, कृष्णेच्या उगमाचें दर्शन घेण्याची इच्छा बोलून दाखविली. वय अठ्ठ्याहत्तर, दम्याचा जुना त्रास. पण त्यांच्या इच्छेस नाहीं म्हणण्याची आमच्या घरीं पद्धत नाहीं. घोडबंदर रस्त्यानें ठाणें, पुढें पनवेल, बोरघाट, पुणें, असें करीत दुपारीं वाईस पोंचलों. पसरणीचा घाट चढतांना खालीं धोमचें पाणी दिसूं लागलें, तशी वहिनींची मुद्रा उजळली. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत गोमुखांतून पडणारें पाणी त्यांनीं ओंजळींत घेतलें आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. यात्रा तेथेंच सफळ झाली. वेण्णा तलाव, बाजार, स्ट्रॉबेरीचे मळे हें सारें वाचकांस ठाऊक आहेच.

दुसऱ्या दिवशीं पहांटे साडेचारच्या सुमारास वहिनींचा श्वास कोंडूं लागला. फवाऱ्याच्या औषधानें उतार पडेना. ओठ काळसर दिसूं लागले. वाईस डॉक्टरांकडे नेल्यावांचून गत्यंतर नव्हतें, आणि वाई ३० किलोमीटरांहून अधिक दूर. मातलीनें धांवत जाऊन नेहमींप्रमाणें किल्ली फिरवली. इंजिन कण्हत फिरलें, पेटलें नाहीं. पुन्हां, पुन्हां, पुन्हां. मागून पांढरा धूर येई, आणि प्रत्येक खेपेस फिरण्याचा वेग मंदावे. लॉजवरचा एक पोरगा म्हणाला, हवेच्या नळींत तो झटकन् पेटणारा फवारा मारूं या. तेवढ्यांत शेजारच्या खोलींतील प्रवाशांस घेऊन आलेला जीपवाला जागा झाला. त्यानें पोराचा हात धरला, वहिनींकडे एकदां पाहिलें, आणि आपल्याच जीपचें दार उघडलें.

आम्ही वहिनींस आंत बसविलें. तो आपल्या जागीं बसला, किल्ली अर्धी फिरवली आणि थांबला. पिवळा दिवा लागलेला. मातलि ओरडला, "अहो, निघा ना!" जीपवाल्यानें मान हलवली नाहीं. "जरा दम धरा, दादा. बत्ती जाऊं द्या." दहा-बारा सेकंदच असतील; पण शेजारीं घरघरणारा तो श्वास ऐकत आम्हीं ते मोजले आहेत. दिवा विझला, त्यानें किल्ली पुढें नेली, आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यांत लागलें.

वाईच्या इस्पितळांत प्राणवायु लावल्यावर तासाभरानें वहिनींनीं डोळे उघडून चहा मागितला. मातलीची मोटार उतारावरून ढकलून कशीबशी सुरू करून लॉजवाल्यांनीं दुपारीं खालीं आणून दिली, आणि तेथल्या मिस्त्रीजवळ बसून आम्हीं ह्या पिवळ्या दिव्याचें शास्त्र समजून घेतलें.

पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनांत ती नाहींच. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें जें इंजिन चालवून दाखविलें, त्यांत हवा इतकी दाबली जाते कीं ती आपोआप तापते. आपल्या ऋत्विजांनीं अरणींच्या घर्षणानें अग्नि काढला; आग्नेय आशियांतील लोक नळकांड्यांत दट्ट्या जोरानें मारून, नुसत्या हवेच्या दाबानें कापूस पेटवीत. डिझेलचें इंजिन ह्या दुसऱ्या कुळांतलें. हवा मूळच्या सोळाव्या-विसाव्या हिश्शांत कोंडली कीं पांचशे अंशांच्या वर तापते, तींत तेलाचा तुषार सोडला कीं भडका. पण पहांटे इंजिनाचें लोखंड गार असतें, तें ही उष्णता पिऊन टाकतें. वंगण घट्ट झालेलें, बॅटरी सुस्त, म्हणून इंजिन सावकाश फिरतें. त्यांत १३७० मीटर उंचीवरची हवा विरळ. तेल उडतें, पेटत नाहीं, आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतें.

ह्यासाठींच प्रत्येक सिलिंडरांत पेन्सिलीहून बारीक असा एक ग्लो प्लग असतो; मिस्त्री लोक त्यास हीटर म्हणतात. विजेनें त्याचें टोंक कांहीं सेकंदांत लाल होतें, आठशे अंशांच्याहि वर. पिवळा दिवा म्हणजे "तापत आहे, थांबा" एवढीच विनंति. मिस्त्रीनें एका दिव्यास तार जोडून चारी प्लग तपासले. एकावर दिवा लागला, तिहींवर नाहीं. जुन्या तऱ्हेचे प्लग एकामागें एक जोडलेले असत. एक गेला कीं सारेच बंद, म्हणून दोष लगेच कळे. आतां प्रत्येकाची वाट वेगळी, त्यामुळें ते एकेक करून मुकाट्यानें जातात. मातलीच्या मोटारींतला दिवा तर नुसता घड्याळावर चालतो. प्लग जिवंत कीं मेलेला, हें त्यास ठाऊकच नाहीं. तिघे केव्हां गेले कोण जाणे! इंद्रलोकाच्या उबेंत एकट्याच्या बळावर, किंबहुना त्याच्याहि वांचून, काम भागत होतें. त्या पोराचा फवारा मारला असता तर तापलेल्या टोंकावर तो अवेळीं भडकून इंजिन फुटण्याचीहि भीति होती, असें मिस्त्री म्हणाला.

जुने प्लग काढण्यापूर्वीं त्यानें इंजिन चांगलें गरम करून घेतलें. थंडपणीं जोर केला तर गंजलेला प्लग मोडतो आणि टोंक आंतच राहतें. हें काम त्यानें इतक्या हलक्या हातानें केलें कीं आम्हांस आमच्या गुरुजींची पोथी सोडण्याची रीत आठवली. काढलेल्यांपैकीं एकाचें टोंक फुगून चिरलें होतें.

वहिनींस तीन दिवसांनीं घरीं नेण्याची परवानगी मिळाली. पहांटेच निघावयाचें ठरलें. वाईंतहि धुकें होतें. मातलीनें किल्ली अर्धी फिरवली आणि हात मांडीवर ठेवून बसला. मागून शालींतून वहिनींनीं विचारलें, "भाऊजी, अजून कां निघत नाहीं हा? कांहीं विसरलें का?"

"नाहीं, वहिनी," आम्ही म्हणालों. "दिवा विझायचा आहे."