तोटी कोरडी ठेवा

सालवडच्या आमच्या घरातला पहिला नळ निखळ पितळी होता, हाताला जड. तांब्या-कळशी घासताना आजी त्यालाही चिंच लावायची, लगेच धुवायची आणि पदराने कोरडा करायची. आंबट किंवा ओल अंगावर राहिली की हिरवं चढतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाबांनी घर वाढवलं तेव्हा जीआय पाइप आले. जस्ताचा मुलामा असेतो तो स्वतः झिजून लोखंडाला राखतो. तो संपला की सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं. पितळी नळाच्या सांध्याशी पाइप आणखी लवकर खाल्ला जाई, कारण दोन धातू ओलीत भेटले की त्यांच्यात सूक्ष्म वीज वाहते आणि बळी लोखंडाचा जातो.

माझ्या संसारात क्रोमचे चकचकीत नळ आले. पितळेवर निकेल, त्यावर क्रोम. तो थर मायक्रॉनहूनही पातळ. आमच्याकडे खारा वारा, कारखान्यांची हवा, त्यात बोअरचं मचूळ पाणी. थेंब वाळतो, मीठ मागे राहतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि बारीक छिद्रांतून आत शिरतं. मग ठिपके, फुगवटे, पोपडे. एकदा प्लंबरने पान्हा लावला आणि नळाची मान आट्यांपाशीच तुटली. आतला धातू पिवळा नव्हताच, लालसर, भुसभुशीत. जस्त पाण्याबरोबर निघून गेलं होतं, उरला होता तांब्याचा पोकळ सांगाडा.

तेव्हापासून रात्री ओटा आवरला की सुती फडक्याने तोटी, तिचा तळ आणि दांडीखालची खाच पुसते. पांढरे डाग पडले तर पाणी घातलेलं व्हिनेगर थोडा वेळ लावून धुते, कोरडं करते. वायसर गळू लागला की लगेच बदलते. संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली मात्र बाथरूममध्ये ठेवतच नाही; त्याची नुसती वाफही क्रोम खाते.

आमच्या जवळचंच तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून समुद्राच्या पाण्यावर थंड होतं. तिथेही धातू खारेपणापासून जपावाच लागतो, रोज, न कंटाळता. घरातली वस्तू टिकवणं हेही तितकंच मोलाचं काम आहे, असं मी मानते. बोईसरला नवा फ्लॅट घेतलेली भाची विचारते, "मावशी, नळ कुठला घेऊ?" मी सांगते, हातात घेऊन जड लागेल तो पितळी घे. आणि त्याच्याशेजारी खिळा ठोकून एक फडकं टांग.