घासलेटाचा चहा

चहात आले घालावे, वेलदोडा घालावा, पाऊस लागला की गवती चहाचे एखादे पाते घालावे. घासलेट घालावे असे कोणत्याही पाकशास्त्रात सांगितलेले नाही. तरीसुद्धा १९८६ सालच्या जून महिन्यात मी लागोपाठ पाच दिवस घासलेटाचा चहा केला, स्वतः प्यालो आणि एका आजारी मुलालाही पाजला. तो मुलगा माझा आतेभाऊ. त्या चहाची ही हकिगत.

मी त्या वेळी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. शहापुरात एका विणकराच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली होती. घरमालकीण आज्जी कानडी बोलणाऱ्या. मराठी त्यांना चांगले समजे आणि बोलताना त्या दोन्ही भाषांची खुशाल सरमिसळ करीत. माझे कानडी भाजी घेण्यापुरते. 'आज्जी' हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच असल्यामुळे हाक मारायला अडचण नव्हती. भिंतीपलीकडे त्यांच्या मुलाचा हातमाग होता. त्याच्या खटखटीवर माझा अभ्यास चाले आणि तो थांबला की जेवणाची वेळ झाली असे मी समजे. माझी खोली आणि त्यांचे माजघर यांच्यामध्ये एक दार होते. ते बहुतेक उघडेच असे. येताजाता आज्जी विचारायच्या, "ऊटा आतेन, तम्मा?" जेवलास का रे, एवढाच त्याचा अर्थ, पण घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला तो पुरेसा असतो.

खाणावळ परवडत नव्हती, म्हणून माझा सारा संसार दहा वातींच्या एका स्टोवर चाले. मे महिन्याच्या अखेरीस आतेभाऊ खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून पी. यू. सी.ला प्रवेश घेण्यासाठी माझ्याकडे आला. निघताना आत्याने मला निरोप पाठवला होता, "त्याला पोटभर घालत जा रे. तुझ्या भरवशावर पाठवते आहे."

जूनच्या पहिल्या तारखेपासून बेळगावात भाषेच्या प्रश्नावरून आंदोलन पेटले. त्यात माणसांचे जीव गेले. बाजार बंद पडला, रस्ते ओस झाले. त्या प्रश्नाची चर्चा करण्याचे हे ठिकाण नव्हे. आमच्या घरात काय झाले तेवढेच सांगतो. भिंतीपलीकडचा माग थांबला. नळावर गाठ पडली तरी आज्जी काही विचारीनात आणि मीही मान खाली घालून घागर भरू लागलो. कोणी कोणाला वेडेवाकडे बोलले नाही. मधले दार मात्र बंद झाले. ते कोणी बंद केले, हे कोणी विचारले नाही.

नेमक्या त्याच दिवसांत स्टोच्या वाती संपल्या. वाती जळून जळून इतक्या आखूड झाल्या होत्या की त्यांची टोके टाकीतल्या घासलेटापर्यंत पोचेनात. नव्या वाती आणायच्या तर दुकाने बंद. तेव्हा मला आठवण झाली ती सुताच्या गुंड्याची. मार्च महिन्यात वळकटी बांधायला म्हणून आज्जींनीच मला ताण्याचे उरलेले पांढरे सूत दिले होते. ते मोजून सारखे कापले, पीळ घालून वीत वीतभर लांबीच्या दहा वाती केल्या आणि जुन्या वातींच्या जागी ओवल्या. शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्याला शोभेल असे काम केले, या समाधानात मी स्टो पेटवला आणि वर चहाचे आधण ठेवले.

त्या चहाचा पहिला घोट घेऊन आतेभावाने माझ्याकडे पाहिले. तो संकोची मुलगा; काही बोलला नाही. मी घोट घेतला. चहाला घासलेटाचा वास होता, आणि त्याच्याही मागे जळक्या चिंधीसारखी एक कडवट चव जिभेवर रेंगाळत होती. नव्या वाती आहेत, दोन दिवसांत ठीक होईल, असे मी सांगून टाकले. संध्याकाळच्या भाताला तीच चव आली. दुसऱ्या दिवशी दूध तापवले. ते तर तोंडात धरवेना. स्निग्ध पदार्थ वास फार लवकर ओढून घेतात, हे त्या दिवशी पुस्तकाबाहेर शिकलो. ज्योत पिवळी आणि फडफडती होती, आणि पातेल्याच्या बुडाला बोटभर काजळी धरत होती.

तिसऱ्या दिवशी मृगाच्या पावसात भिजून आतेभावाला ताप भरला. क्रोसिनची गोळी होती ती दिली. पेज करून दिली, ती दोन घोटांनंतर त्याने ओकून टाकली. "दादा, मला भूक नाही," एवढेच तो म्हणाला. भूक होती, हे मला दिसत होते. आत्याचे शब्द आठवले. गावाकडे न्यावे तर गाड्यांचा भरवसा नव्हता.

मी स्टोच्या मागे लागलो. प्रथम संशय घासलेटावर. त्यात पाणी असेल म्हणून ते बाटलीत भरून रात्रभर ठेवले. पाणी जड असल्यामुळे तळाशी बसते. सकाळी पाहिले तर तळ स्वच्छ होता. तरी फडक्यातून गाळून घेतले. फरक नाही. मग वातींभोवतीचे भोकाभोकांचे पत्र्याचे नळे काढले, काजळी घासून टाकली आणि नीट खाचेत बसवले. हे नळे वाकडे बसले की हवा कमीजास्त मिळते आणि ज्योत पिवळी होते. फरक नाही. कात्रीने वातींची डोकी एका पातळीत कापली. पहिली पाच मिनिटे बरी गेली, मग पुन्हा तेच. पातेले बदलले, झाकणाच्या कडेला कणीक लावली. नुसते पाणी उकळले तरी वास येतच होता.

पंपाचा स्टो असता तर हे झाले नसते, असे मनात आले. स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ साली केलेल्या त्या स्टोत वातच नसते. घासलेट तापलेल्या नळीतून जाते आणि वाफ होऊन जळते. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. पण त्या 'वाफ' या शब्दावर मी अडकलो. वातीच्या स्टोतही जळते ती वाफच. मायकेल फॅरेडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्याने दिली, त्यांत काचेची नळी ज्योतीच्या मधल्या काळ्या भागात धरून तिथली वाफ दुसऱ्या टोकाला पेटवून दाखवली होती. वातीचे काम जळण्याचे नाही, तेल वर चढवण्याचे आहे. तेल भरभर चढत राहिले तर वाफ जळते आणि वात वाचते. तेल कमी पडले की वात स्वतःच करपू लागते, ज्योत बिघडते आणि अर्धवट जळलेली वाफ पातेल्यात शिरते.

मग एक साधा प्रयोग केला. वाटीत घासलेट घेतले. जुन्या वातीचा एक तुकडा आणि नव्या वातीचा एक तुकडा शेजारी शेजारी उभे धरले. जुन्या तुकड्यात तेल पाहता पाहता तीन बोटे चढले. नव्यात एका बोटावर येऊन थबकले. रोग सापडला. केशाकर्षणाचा नियम मला पाठ होता. पण माझ्याच वातीत तो का चालत नव्हता, हे काही केल्या कळेना. सूत तर चांगले होते. ते कोणाचे होते हेही मला ठाऊक होते. विचारायचे ते कोणाला, याचे उत्तर भिंतीपलीकडे होते, आणि तिथवर जायला पाय उचलत नव्हता. त्या संध्याकाळी आतेभावाने पेजेची वाटी न चाखताच बाजूला सारली. तेव्हा उठलो.

मधल्या दाराकडे न जाता मी पावसातून वळसा घालून त्यांच्या पुढच्या दारी गेलो. हातात एक वात होती. आज्जी चुलीपुढे बसल्या होत्या. मी मराठीतच म्हणालो, "आज्जी, ह्या वातीत तेल चढत नाही. भावाला ताप आहे, त्याच्या तोंडात काही जात नाही."

त्यांनी काही न बोलता वात घेतली. तिचा पीळ उलगडला, दोन बोटांत सूत चोळले, वाकवून पाहिले. मग म्हणाल्या, "हत्ती चलो अदं. गंजी तगदी एन?"

मी बावळटासारखा उभा. आमच्या भाषेत हत्ती सोंडेचा आणि गंजी गवताची. माझा चेहरा पाहून आज्जींना पाच दिवसांत पहिल्यांदा हसू आले असावे. "हत्ती म्हणजे कापूस रे," त्या म्हणाल्या, "आणि गंजी म्हणजे तुमची कांजी. खळ! ताण्याचं सूत आहे हे. खळ न काढता वात करतात का कोणी?"

मागावर चढवायच्या ताण्याला खळ देतात. खळीने धागा ताठ आणि गुळगुळीत होतो, नाहीतर फणीच्या घासण्याने तो तुटेल. तीच खळ माझ्या वातीत तंतूंच्या मधल्या जागा बुजवून बसली होती. तेलाला वर चढायला वाट नव्हती, आणि ज्योतीपाशी ती खळ करपून वातीच्या डोक्यावर कठीण खरपुडी धरत होती. जळक्या चिंधीची चव आली ती तिथून. भरीला मी पीळही करकचून घातला होता.

पुढचे सगळे त्यांच्या हुकमाने झाले. वाती सोडवून सूत रात्रभर पाण्यात भिजत घातले. सकाळी धुण्याचा सोडा घालून त्यांच्या चुलीवर उकळले. पाणी पेजेसारखे गढूळ झाले. ते ओतून पुन्हा उकळले, स्वच्छ पाण्यात पिळून काढले. बाहेर पाऊस, म्हणून सूत चुलीवरच्या दोरीवर वाळवले. दरम्यान त्यांनी आतेभावासाठी मऊ भात पाठवला. त्याने तो मुकाट्याने संपवला. दुपारी मी सैल पिळाच्या वाती केल्या, स्टोत ओवल्या आणि घाई न करता रात्रभर घासलेट पिऊ दिले. कोरी वात पेटवली की पहिल्या मिनिटालाच तिचे डोके करपते. हीही माझी आधीची चूक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वातींची डोकी सारखी कापून स्टो बाहेर कट्ट्यावर, वळचणीला पेटवला. ज्योत बारीक ठेवली आणि हळूहळू वाढवली. प्रथम ती पिवळी होती. पंधरा मिनिटांत तिची फडफड थांबली आणि नळ्यांच्या आत निळे कडे धरले. मग आत आणून त्यावर नुसते पाणी उकळले आणि चाखले. पाण्याला पाण्याचीच चव होती. विझवताना आधी पातेले उतरवायचे, हेही आज्जींनी सांगितले होते. वात विझली की तिच्यातून पांढरी वाफ निघत राहते. ती न जळलेली असते आणि पातेले वर असेल तर त्यात जाऊन बसते.

मी चहाचे आधण ठेवले. तेवढ्यात मधले दार वाजले. "तम्मा," पलीकडून आवाज आला, "कडी काढ."

कडी माझ्याच बाजूला होती. मी ती काढली.

आज्जी आत येऊन आतेभावाच्या अंथरुणाशी बसल्या आणि त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. आम्ही तिघे चहा प्यालो. आतेभावाने कप खाली ठेवला नाही. आज्जी एक घोट घेऊन म्हणाल्या, "चिमणी एण्णीचा वास गेला बघ." घासलेटाला त्यांच्या घरी 'चिमणी एण्णी' म्हणत. आमच्या गावातल्या घरी लहान दिव्याला चिमणी म्हणतात. त्यांच्या तेलाला आमच्या दिव्याचे नाव आहे, की आमच्या दिव्याला त्यांच्या तेलाचे, याचा उलगडा आम्ही त्या दिवशी केला नाही. गरजही वाटली नाही.

आठवड्याभराने माग पुन्हा सुरू झाला. ताण्याला खळ दिली गेली, कारण तिच्याशिवाय कापड होत नाही. ताठपणा वाईट असतो असे त्यामुळे मला कधी म्हणता आले नाही; ज्याला घर्षण सोसायचे आहे त्याला तो लागतोच. पण ज्या सुताने तेल वर चढवून दिवा किंवा चूल जळत ठेवायची, त्यातली खळ कोणीतरी भिजवून, उकळून काढावी लागते. माझी त्या आठवड्यात निघाली.

आता खोल्याखोल्यांतून गॅस किंवा विजेची शेगडी आली आहे. दहा वातींचा स्टो पाहिलेला विद्यार्थी या महाविद्यालयात क्वचितच सापडेल. पण अंकाची मराठी पाने संपवून कानडी पाने सुरू होतात तिथे आलो की मला अजून ते मधले दार आठवते, आणि कडी कोणत्या बाजूला होती तेही.