सातबाऱ्याचा मुखत्यार

मालवण तालुक्यात आमच्या घराण्याची जमीन सलग अशी कधीच नव्हती. मसुऱ्याकडे भाताचे काही कुणगे, आचऱ्याच्या वाटेवर माडांची बाग, कट्ट्याच्या पलीकडे डोंगरउतारावरील वरकस, अशी ती विखुरलेली असून, प्रत्येक तुकड्याच्या सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची जी नामावळी आहे तीतील कित्येक माणसे हयात नाहीत आणि त्यांचे वारस मुंबईपासून बडोद्यापर्यंत पांगलेले आहेत. वारसनोंदी वेळच्या वेळी न झाल्यामुळे कोकणातील बहुतेक घरांची हीच अवस्था आहे. वडीलधाऱ्यांच्या पश्चात हे सारे दप्तर जुळविण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा जमिनीच्या वाटणीचा विचार पुढचा, आधी कागदावर कोणाचे नाव आहे ते तरी एकत्र पाहावे, असा निश्चय मी केला.

राज्य शासनाच्या महाभूलेख संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशा पायऱ्यांनी उतरून सर्व्हे क्रमांक व हिस्सा क्रमांक घातला, आणि चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखून टंकित केली, की विनास्वाक्षरीत उतारा माहितीसाठी पाहावयास मिळतो. कायदेशीर कामाकरिता डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपये भरून निराळा घ्यावा लागतो. काम अवघड नाही, परंतु हिस्से अनेक आणि पायऱ्या प्रत्येक वेळी पहिल्यापासून, यामुळे ते दीर्घ आहे. पुण्यात संगणकाच्या व्यवसायात असलेला माझा भाचा चतुर्थीला गावी आला असता हे पाहून म्हणाला, "मामा, प्रत्येक पायरी तुम्ही कशाला चढता? एजंटाला सांगा, ब्राउझर तो चालवील." आणि त्याने माझ्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडून दिली, जिला हे लोक टर्मिनल म्हणतात.

त्या खिडकीत जे घडते ते मी कुतूहलाने पुष्कळ वेळ पाहिले आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्लेराइटसारखी साधने एकेका आज्ञेने ब्राउझरला पान उघडावयास, बटण दाबावयास, रकान्यात मजकूर भरावयास लावतात; एआय एजंट त्या आज्ञा स्वतः लिहितो आणि त्यांचे उत्तर वाचून पुढची आज्ञा ठरवितो. पानाचे चित्र न्याहाळीत बसण्याची त्याला गरज पडत नाही. साधन त्याच्या हाती पानाची लेखी यादी ठेवते: हे शीर्षक, ही निवडसूची, हे बटण, आणि प्रत्येकापुढे एक खूणक्रमांक. अमुक क्रमांकाच्या सूचीतून सिंधुदुर्ग निवड, तालुक्यांची सूची येईपर्यंत थांब, मग मालवण निवड, असे त्याचे चालते. ही यादी ज्या रचनेतून निघते ती ब्राउझरांनी मुळात अंध वाचकांसाठी, पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनांसाठी सिद्ध केलेली आहे, हे कळल्यावर मला विशेष समाधान वाटले. दृष्टिहीन माणसासाठी बटणाला नीट नाव देण्याचे जे कष्ट कोणी घेतले, त्यांचा लाभ आज या नव्या सेवकाला मिळतो आहे. पहिले काही उतारे एजंटाने असे एकेक पाऊल टाकीत काढले आणि मग त्याच क्रमाची एक लहानशी आज्ञावली लिहून ठेवली. एका आज्ञेचे फलित दुसरीच्या हाती द्यावे, ही डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत आलेली सोय, अर्धशतकानंतर मालवणातल्या एका पडवीत माझ्या पूर्वजांची नावे क्रमवार लावीत होती.

परंतु दुसऱ्याच्या हाती काम सोपवावयाचे तर मुखत्यारपत्रात अधिकाराइतकीच मर्यादाही लिहावी लागते, आणि मी ती लिहिली. ज्या संकेतस्थळांची नावे दिली त्यांच्याबाहेर जावयाचे नाही. बँक, पासवर्ड, मोबाइलवर येणारा ओटीपी यांना शिवावयाचे नाही. प्रत्येक आज्ञा तारीखवेळेसह रोजनाम्यात उतरवून ठेवावयाची. चित्रातील अक्षरे समोर माणूस आहे याची खात्री करण्यासाठीच असतात, म्हणून तेथे एजंटाने थांबावे आणि ती मी भरावी, हा दंडक. ब्राउझर पार्श्वभूमीत, पडद्यावर न दिसता चालविण्याचीही सोय असते. मी ती घेतली नाही. या सावधगिरीला कारण आहे. एजंट पानावरचा मजकूर वाचून चालतो, आणि अपरिचित पानावर एखाद्याने लपवून लिहिलेली सूचना ही धन्याचीच आज्ञा आहे असे समजून तो ती पाळण्याचा संभव असतो. पडद्यावर नुसते चित्र हलताना जे सुटून जाईल, ते लेखी आज्ञांच्या रोजनाम्यात मागाहूनही तपासता येते, आणि मला आज्ञांचा हा मार्ग प्रिय वाटतो तो मुख्यतः याच कारणाने.

सर्व हिस्से, क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये, खातेदारांची नावे, फेरफार क्रमांक, असा तक्ता तयार झाला तेव्हा त्यात एक खातेदार असा निघाला की त्याचे नाव फार जुन्या फेरफारातही होते आणि अलीकडच्याही. आमच्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. कृष्णाचा मुलगा राम, रामाचा मुलगा कृष्ण आणि त्याचा मुलगा पुन्हा राम, म्हणजे आजोबा आणि नातू दोघेही कागदावर राम कृष्ण. एजंटाने दोघांना एक धरले होते. अक्षरांवरून पाहता त्याला दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. त्या दोन माणसांमधली पिढी घरातल्या माणसालाच ठाऊक.

याहून गंभीर गोष्ट तक्त्यात नसलेल्या नावांची. तो छापून मी चुलतभावाला दाखविला, तेव्हा त्याने बोट खालपर्यंत नेऊन विचारले, "आज्याचा नाव गावला ता बरा झाला, पण आत्येचा खय आसा?" वेंगुर्ल्याला दिलेली आमची आत्या! आजोबा वारले ते १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आल्यानंतर, म्हणजे त्यांच्या हिश्शाला मुलगी ही मुलांच्या बरोबरीची वारस होती. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला, तो त्यापुढचा भाग. तरीही नोंद करताना फक्त मुलांची नावे लावली गेली, आणि गावोगाव असेच झाले. एजंटाने प्रत्येक अक्षर इमानाने आणले होते, पण जे कधी लिहिलेच गेले नाही ते आणण्याची आज्ञा कोणत्या शब्दांत द्यावी? मला वाटते, या साधनांनी दप्तरे जितकी सुलभ होतील तितके दप्तरातील मौन अधिक बळकट होण्याचे भय आहे; सुबक तक्ता पाहिला की माणसाला तो पूर्ण वाटू लागतो. म्हणून तक्त्याशेजारी मी हाताने वंशावळ मांडली, आणि तीत सासरी गेलेल्या प्रत्येक मुलीचे नाव, गाव आणि तिच्या मुलांची नावे विचारून विचारून भरली. या कामाला टर्मिनलचा उपयोग नव्हता. त्यासाठी वेंगुर्ला, देवगड आणि लालबाग येथील माणसांशी बोलावे लागले.

आता पुढची पायरी वारसनोंदीच्या अर्जाची आहे. तो ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो. नोंद धरली गेली की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. भाचा म्हणतो की रकाने भरण्याचे कामही एजंट सहज करील, आणि ते खरे आहे. परंतु उतारा पाहणे निराळे आणि दप्तरात लिहिणे निराळे. वारस कोण कोण हे प्रतिज्ञेवर सांगावे लागते. म्हणून वंशावळीवरून कच्चा मसुदा तेवढा तो तयार करील, येत्या चतुर्थीला आत्याच्या मुलांसह सर्व हिस्सेदार तो मोठ्याने वाचतील, आणि सर्वांची संमती झाल्यावर अर्ज दाखल करण्याचे बटण मी दाबीन.