खिडकीजवळची जागा आणि बक्षिसीचा हिशेब

दिवाळीतले वहीपूजन आटोपले, नव्या वर्षाचा मुहूर्ताचा सौदा झाला, की आपल्या घरांतून पुढच्या सुटीची बोलणी सुरू होतात. परदेशाचे ठरलेच तर पहिले नाव बहुधा स्वित्झर्लंडचे निघते, आणि तेथील डोंगर पाहायचे तर ते रेल्वेच्या खिडकीतूनच पाहावेत, याविषयी जाऊन आलेल्या मंडळींत फारसा मतभेद नसतो. दुकानाला कुलूप लावणे सोयीचे म्हणून काही कुटुंबे दिवाळीतच प्रवास आखतात. त्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ धावणारी ग्लेशियर एक्स्प्रेस ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत बंद असते. म्हणजे आपली दिवाळीची सुटी नेमकी तिच्या विश्रांतीत पडते. मे-जून उत्तम. बर्फ शिखरांवर असते, कुरणे हिरवी झालेली असतात आणि दिवस लांबलचक असतो.

ही ग्लेशियर एक्स्प्रेस 1930 साली सुरू झाली. नाव एक्स्प्रेस असले तरी जगातील सर्वांत संथ एक्स्प्रेस म्हणूनच ती ओळखली जाते. साधारण आठ तासांच्या वाटेत ती 291 पूल आणि 91 बोगदे ओलांडते आणि 2,033 मीटर उंचीच्या ओबेराल्प खिंडीतून जाते. आरक्षणाशिवाय हिच्यात पाऊल ठेवता येत नाही. आठ तास एका जागी बसणे वृद्धांना आणि लहान मुलांना जड जाते, हे मात्र जाहिरातीत कोणी सांगत नाही. घरात सत्तरी ओलांडलेली माणसे बरोबर असतील, तर पूर्ण वाटेचा हट्ट न धरता तिचा अर्धा भाग घ्यावा, असे माझे मत आहे.

माझा स्वतःचा ओढा बर्निना मार्गाकडे आहे. चूरहून निघालेली गाडी फिलिसूरपूर्वी लांडवासर पुलावर येते. पासष्ट मीटर उंचीच्या दगडी खांबांवर हा पूल वळण घेत उभा आहे, आणि त्याचे दुसरे टोक सरळ कड्यातील बोगद्यात शिरते. पुढे बर्निना खिंडीत गाडी 2,253 मीटरवर पोहोचते आणि तेथून इटलीतील तिरानो या गावी, 429 मीटरपर्यंत उतरते. हजार मीटरला सत्तर मीटर असा चढ आहे, आणि तरीही रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी नाही. चाके केवळ रुळाच्या घर्षणावर चढतात. ब्रुझिओ येथे उतार कमी करण्यासाठी मार्गाला उघड्या मैदानात चक्क एक पूर्ण वेढा दिला आहे. गाडी आपल्याच पुलाखालून निघून जाते आणि डब्यातील मुले दोन्ही बाजूंच्या खिडक्यांकडे धावतात. हा मार्ग 1910 साली पुरा झाला. आपली नेरळ-माथेरान गाडी 1907 ची, म्हणजे दोघी समवयस्क. आणि ती आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापारी घराण्याने उभी केली, हे व्यापारी वाचकांना ठाऊक असावे. बर्निना आणि अल्बुला मार्गाला युनेस्कोने जागतिक वारशाचा मान 2008 साली दिला. त्याच वर्षी आपल्या कालका-शिमला मार्गालाही तो मिळाला.

चूरहून तिरानोकडे जाताना उजव्या बाजूची जागा मागावी. पूल, हिमनदी आणि खिंडीतील सरोवर त्याच बाजूला दिसतात. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. पर्यटकांसाठीची बर्निना एक्स्प्रेस ज्या रुळांवरून धावते, त्याच रुळांवरून गावकऱ्यांची साधी गाडीही जाते. तिला आरक्षण सक्तीचे नाही, काही खिडक्या उघडता येतात, त्यामुळे छायाचित्रात काचेची चमक येत नाही. पर्वत तोच, खर्च कमी. आपल्या माणसांना याहून अधिक सांगणे नको.

तिकिटांचा हिशेब घरून निघण्यापूर्वीच कागदावर मांडावा. स्विस ट्रॅव्हल पास तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो. तो या दोन्ही गाड्यांच्या भाड्याला चालतो, परंतु जागेच्या आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. युंगफ्राउयोखच्या 3,454 मीटर उंचीवरील स्थानकापर्यंत तो पुरत नाही. वरच्या टप्प्यावर केवळ सवलत मिळते. सहा ते पंधरा वर्षांची मुले पासधारक आईवडिलांबरोबर फॅमिली कार्डावर विनामूल्य प्रवास करतात, मात्र ते कार्ड मागून घ्यावे लागते. एकाच गावी चार दिवस मुक्काम असेल तर पासापेक्षा एक महिन्याचे अर्ध्या भाड्याचे कार्ड अनेकदा परवडते.

जेवणाविषयी दोन शब्द लिहिले नाहीत, तर घरातील स्त्रिया हा लेख अपुरा म्हणतील. स्विस शाकाहार बटाट्यावर आणि चीजवर उभा आहे. रोस्टी म्हणजे किसलेला बटाटाच. फाँड्यूमध्ये पांढरी वाइन असते, आणि ग्रुयेर चीज परंपरेने वासराच्या जठरातील रेनेट घालून विरजतात. तेव्हा 'व्हेजिटेरियन' या पाटीवर आपल्यापुरते समाधान मानू नये. घरून नेलेले ठेपले, खाकरे आणि मेतकूट गाडीत उघडून खायला कोणाची हरकत नसते. चौविहार पाळणाऱ्यांना जून महिना सोयीचा आहे, कारण झुरिकला तेव्हा सूर्यास्त रात्री नऊ वाजून गेल्यावर होतो. डिसेंबरात तो साडेचारच्या सुमारास होतो, आणि तेव्हा खरी कसोटी असते.

आता बक्षिसीकडे वळू. सेंट मॉरिट्झहून उतरताना आमच्या गटात याच विषयावर चांगली तासभर चर्चा रंगली होती. बरोबरचे एक कापडाचे व्यापारी म्हणाले, "हॉटेलवाल्याने बिल घेतले, सरकारने कर घेतला, मग वर मी का द्यायचे? माझ्या दुकानात गिऱ्हाईक माझ्या नोकराला वेगळे देते का?" त्यांच्या वहिनींनी शांतपणे विचारले, "भाऊजी, दिवाळीला तुम्ही हमालांना काय देता?" गृहस्थ थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "ती माझी माणसे आहेत."

प्रश्न खरा येथेच आहे. आपल्या पेढ्यांवर एक हिंदी म्हण जुन्या काळापासून चालत आली आहे: 'हिसाब जौ-जौ, बख्शीश सौ-सौ'. हिशेब जवाच्या दाण्यापर्यंत चोख, आणि बक्षिसी शंभरांनी. म्हणजे आपल्या परंपरेत ही दोन खाती वेगळी आहेत. हिशेब हे देणे आहे, बक्षिसी ही खुशी. परदेशात गोंधळ होतो तो एवढ्यासाठी, की काही देशांत बक्षिसी खुशीच्या खात्यात असते, काही देशांत ती देण्याच्या खात्यात जाऊन बसली आहे, आणि काही ठिकाणी ते खातेच उघडलेले नाही.

स्वित्झर्लंड पहिल्या प्रकारात येते. तेथे 1974 पासून सेवेचा मोबदला पदार्थांच्या किमतीतच धरलेला असतो. वाढप्याला पगार मिळतो, आणि किंमती पाहता तो कशातून मिळतो हेही कळते. बिल सत्तेचाळीस फ्रँक झाले तर पन्नास म्हणावे, एवढाच रिवाज. त्यांच्या जर्मन भाषेत या पैशाला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'पेयाचे पैसे' असा होतो. आपण 'चहापाण्याला' म्हणतो, तसाच.

अमेरिकेत हे चालणार नाही. तेथे टिप मिळवणाऱ्या कामगारासाठी केंद्रीय कायद्याने मालकाने द्यायचे किमान वेतन तासाला 2 डॉलर 13 सेंट आहे, आणि हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. टिप धरून 7 डॉलर 25 सेंट भरले नाहीत, तर तूट मालकाने भरायची असते; परंतु जमेची मोठी बाजू गिऱ्हाइकाच्या खिशातून येते हे गृहीतच धरले आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावे लागते, तरी चाल तेथेही तीच. म्हणून बिलावर पंधरा ते वीस टक्के देणे ही तेथे खुशी नाही, मजुरीच आहे.

या प्रथेचे एक मूळ रेल्वेतच सापडते. यादवी युद्धानंतर जॉर्ज पुलमन यांनी शयनयान डबे सुरू केले आणि त्यांत सेवेसाठी नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले. पगार तुटपुंजा, रात्रभर जागरण, प्रवाशांचे बूट चकचकीत करायचे, आणि पोट बक्षिसीवर. प्रवासी त्यांना नावही विचारत नसत. मालकाच्या नावावरून सगळ्यांनाच 'जॉर्ज' म्हणत, जशी पूर्वी गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारीत. या पोर्टरांनी 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली, आणि बारा वर्षे झगडून 1937 साली पुलमन कंपनीकडून करार मिळवला. आज शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलपर्यंत कॅलिफोर्निया झेफिर ही गाडी दोन रात्री धावते, रॉकी आणि सिएरा नेवाडा या दोन पर्वतरांगा ओलांडते. शयनयानाच्या तिकिटात जेवण धरलेले असल्याने बिल येतच नाही, आणि नेमके तेथेच आपली माणसे काही न ठेवता उठतात. प्रत्येक जेवणानंतर माणशी काही डॉलर मेजावर ठेवावेत. बिछाना घालणाऱ्या सेवकाला प्रवासाच्या शेवटी, रात्रींच्या हिशेबाने द्यावे. आपण तर कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, असे सांगून त्या माणसाला दोनदा स्वयंपाकघरात पाठवतो. इतरांहून थोडे अधिक देणे आपल्याला शोभते.

जपानात याच्या उलट. टोकियोहून क्योटोकडे जाताना शिंकान्सेनच्या साध्या वर्गात ई क्रमांकाची जागा घेतली, तर हवा स्वच्छ असल्यास उजवीकडे फुजी पर्वत दिसतो. तिन्ही मापांची बेरीज 160 सेंटिमीटरपेक्षा अधिक भरणारी बॅग असेल तर तिच्यासाठी खास जागा आधी आरक्षित करावी लागते. लग्नाला निघाल्याप्रमाणे सामान नेणाऱ्यांनी फीत घेऊन मोजावे. टोकियो स्थानकात सफाई करणाऱ्या स्त्रिया संपूर्ण गाडी सात मिनिटांत झाडून पुसून सज्ज करतात. त्यांना काही द्यावे असे मनात येते, पण देऊ नये. मेजावर ठेवलेली नाणी विसरली असे समजून वाढपी रस्त्यापर्यंत धावत येतो. जुन्या पद्धतीच्या सरायांत काही जण पाकिटात घालून देतात खरे; उघडे पैसे हातावर ठेवणे तेथे असभ्य ठरते.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी बस चालक आणि व्यवस्थापक यांच्या बक्षिसीचे पैसे आगाऊ घेतले आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे, म्हणजे दोनदा द्यावे लागत नाही आणि कोणी वंचितही राहत नाही. ब्रिटनमध्ये बिलावर बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलेले असते. ऑक्टोबर 2024 पासून तेथील कायद्याने ते सर्व कामगारांपर्यंत पोहोचवणे मालकावर बंधनकारक केले आहे, तेव्हा वर आणखी काही ठेवण्याची गरज नाही.

बर्निनाने तिरानोला उतरलात की आपण इटलीत असता आणि खिशातले फ्रँक घेण्याची कोणावर सक्ती नाही. थोडे युरो जवळ असू द्यावेत. तेथे बिलात 'कोपेर्तो' नावाची एक ओळ दिसेल. ती ब्रेडची आणि मेजावरच्या मांडणीची माणशी आकारणी आहे. ब्रेड खाल्ला नाही म्हणून तिच्यावरून वाद घालू नये. तो वेळ गावातल्या चौकातून रस्त्यावरून जाणारी गाडी पाहण्यात घालवावा. तेथे ती मोटारींच्या शेजारून, दुकानांच्या दारांवरून हळूहळू जाते आणि माणसे बाजूला होऊन तिला वाट देतात.