चला, मुलांना घेऊन निघोज-राळेगणला

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस. हरभरा घाटे धरत असतो, ज्वारी निसवायला लागलेली असते. पाण्याची पाळी आणि विजेची वेळ सांभाळली, तर या दिवसांत एखादा रविवार मोकळा काढता येतो. तो रविवार यंदा मुलांना द्या, एवढे सांगण्यासाठी हा लेख.

आपण गाव सोडतो ते लग्नाला, मयताला, बाजाराला, नाहीतर दवाखान्याला. फार तर वर्षातून एकदा जत्रेला. मुले या सगळ्यात मागे मागे ओढली जातात. खास त्यांच्यासाठी काढलेला दिवस वर्षात एकही नसतो. तिकडे शहरातली माणसे पैसे मोजून शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला येतात, मोर बघतात, हुरडा खातात, मुलांना बैलगाडीत बसवतात. आपल्या मुलांना मात्र रान म्हणजे सुट्टीच्या दिवशी धरायचे बारे, वळायच्या शेळ्या आणि वेचायचा कापूस. ज्याने रानात नुसते कष्टच पाहिले, त्याला मोठेपणी शेतीचे नाव नको झाले तर दोष कोणाला द्यायचा?

तुम्ही म्हणाल, सहलीला पैसा लागतो. थोडा लागतो, पण त्याहून जास्त लागते ती मनाची तयारी. आज अशी एक वाट सांगतो, की पहाटेच्या धारा काढून निघालात तर रात्रीच्या जेवणाला घरी याल. पुणे आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या दोन जिल्ह्यांतल्या मंडळींना ती जवळची आहे.

निघोजचे रांजणखळगे

पुणे-नगर रस्त्यावर शिरूर लागते. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवर पारनेर तालुक्यातले निघोज. गावापासून थोड्या अंतरावर कुकडी नदीचे पात्र आहे. अलीकडे नगर जिल्हा, पलीकडे पुणे जिल्ह्यातले टाकळी हाजी. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची देवळे आहेत. चैत्र वद्य अष्टमीला निघोजला देवीची मोठी यात्रा भरते. म्हातारी माणसे बरोबर असतील तर आधी दर्शन घ्या, म्हणजे त्यांचाही दिवस सार्थकी लागेल.

मग नदीकडे वळा. वाळूचे पात्र दिसेल असे वाटते, पण समोर येतो तो काळा कातळ, आणि त्या कातळात कोरलेले शेकडो खळगे. काही परातीएवढे, काही उखळाएवढे, काही रांजणासारखे पोटात फुगीर, तर काही माणूस उभा बुडेल इतके खोल. एकात एक मिसळलेले, मधल्या भिंती झिजून कमानी झालेले. कडा इतक्या गुळगुळीत, की कोणा पाथरवटाने जन्मभर बसून घासल्या असाव्यात असे वाटते.

हे कोणी केले, असे मुले विचारतीलच. लगेच उत्तर देऊ नका. आधी त्यांना एखाद्या कोरड्या, उथळ खळग्याच्या तळाशी काय आहे ते बघायला सांगा. पुष्कळ ठिकाणी गोल गोटे सापडतील. हेच ते कारागीर. पुराचे पाणी कातळावरून धावते, तेव्हा जिथे बारीकसा खोलगट भाग असतो तिथे भोवरा होतो. त्या भोवऱ्यात गोटे आणि वाळू सापडते आणि गरगर फिरू लागते. दगडाने दगड घासला जातो. पूर ओसरला की काम थांबते, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सुरू होते. असे हजारो पावसाळे गेले आणि हे रांजण घडले.

मुलांना पटत नसेल तर घरच्या जात्याची आठवण द्या. मऊ दाणे दळून दळून जात्याचा दगडसुद्धा बोथट होतो आणि त्याला टाकी लावून घ्यावी लागते, हे आजीला विचारले तर ती सांगेल. जुन्या विहिरीच्या दगडी काठावर दोराने पडलेले चर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मऊ वस्तू नेटाने फिरत राहिली की कठीण वस्तू झिजते, हे आपल्या घरादारातलेच ज्ञान आहे.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचून थंड झाला आणि हा काळा पाषाण तयार झाला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच पाषाणावर उभा आहे. आपल्या शेतातली काळी माती ही त्याच पाषाणाची झीज. म्हणजे ज्या दगडावर मुले उभी आहेत, त्याचाच चुरा आपण नांगरतो. जमिनीला आई का म्हणायचे, हे मुलांना अशाने जास्त कळते.

इथे सांभाळा

ही जागा सुंदर आहे तशी धोक्याचीही आहे. खळग्यातल्या पाण्याचा अंदाज येत नाही. कडा निसरड्या असतात, आत पडलेल्याला धरायला आधार सापडत नाही. पोहता येणारा माणूसही अशा ठिकाणी हतबल होतो. म्हणून घरून निघतानाच ठरवा, की दहा वर्षांखालचे प्रत्येक मूल एकेका मोठ्या माणसाच्या हाती. पाण्यात कोणी उतरायचे नाही, पाय धुवायलासुद्धा नाही. कडेवर उभे राहून मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत. पायात चपलेऐवजी घट्ट बसणारे बूट असावेत.

पावसाळ्यात मुलांना घेऊन इथे जाऊच नका. कुकडी नदी उगम पावते जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या बाजूला. तिच्यावर माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. पाऊस तिकडे पडतो, पाणी सोडले जाते तिकडे, आणि इकडे ऊन असताना नदी चढते. पाणी गढूळ होताना किंवा वाढताना दिसले, तर शिदोरी उचला आणि मागे फिरा. ही सहल हिवाळ्यासाठी आहे.

राळेगणसिद्धीचे थांबलेले पाणी

दुपारची भाकरी निघोजला खा आणि मग राळेगणसिद्धी गाठा. तेही पारनेर तालुक्यातच आहे, गाडीने तासाभराच्या आतली वाट. सकाळी मुलांनी पाहिले, की धावणारे पाणी दगडाला भोके पाडते. आता त्यांना विचारा, जे पाणी कातळाची ही गत करते, ते आपल्या उताराच्या मातीचे काय करत असेल? या प्रश्नाचे उत्तर राळेगणच्या माळावर आहे.

पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका. राळेगणची जमीन हलकी, उताराची. पाऊस आला की माती घेऊन जायचा आणि गाव कोरडेच राहायचे. पोटासाठी लोक बाहेर जात, गावात दारूच्या भट्ट्या पेटत. १९७५ साली लष्करातून निवृत्त झालेले अण्णा हजारे गावी परतले. आधी यादवबाबांच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि तिथेच गाव एकत्र बसू लागले. गावच्या पाझर तलावात पाणी ठरत नव्हते. लोकांनी श्रमदानाने त्याची दुरुस्ती केली आणि खालच्या विहिरींना भर उन्हाळ्यात पाणी राहिले. मग डोंगरउतारावर चर, ओढ्यांवर नालाबांध, बांधांवर झाडे असे काम वाढत गेले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. १९९२ साली अण्णांना पद्मभूषण मिळाले. पण मुलांना दाखवायचे ते पदक नव्हे, चर आणि बांध.

तेव्हा त्यांना घेऊन चालत जा. चर उताराला आडवा का खणला आहे, उभा का नाही, हे मुलांनाच ओळखू द्या. बांधाच्या वरच्या अंगाला कोणती माती साठली आहे, ती हातात घेऊन बघू द्या. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी टप्प्याटप्प्याने कसे अडवले आहे ते दाखवा. धावणाऱ्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबायला लावायचे आणि थांबलेल्याला जमिनीत मुरू द्यायचे, एवढीच सारी विद्या. तिसरीतल्या पोरालाही ती समजते.

मात्र एक ध्यानात असू द्या. हे नांदते गाव आहे, तमाशाचा तंबू नव्हे. भेटेल त्याला रामराम करा. विचारल्याशिवाय कोणाच्या रानात शिरू नका, बोर-पेरूला हात लावू नका. आपल्या रानात कोणी तसे केले तर आपल्याला चालेल का?

तयारीच्या चार गोष्टी

एसटीने शिरूरपर्यंत यावे आणि निघोजच्या गाडीची, विशेषतः परतीच्या गाडीची वेळ स्थानकावर आधी विचारून घ्यावी. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांपुढच्या वृद्धांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. दोन्ही गावे एका दिवसात एसटीने साधणे अवघड. त्यापेक्षा तीन-चार घरांनी मिळून जीप ठरवली तर माणशी खर्च बेताचा येतो.

जनावरांची वैरण-पाणी शेजाऱ्यावर सोपवा आणि पुढच्या रविवारी त्याची जनावरे तुम्ही सांभाळा. शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कांदा, गूळ-शेंगा पुरे. पिण्याचे पाणी घरून घ्या. आणि सहल सगळ्यांची असताना घरची बाई एकटीच पहाटे तीनला चुलीपुढे बसली, असे होऊ देऊ नका. आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून शिदोरी बांधा. तिलाही हा दिवस हवा आहे, कदाचित मुलांपेक्षा जास्त.

तुम्ही दूरचे असाल तर तुमच्या भागात पाण्याची वाट शोधा. खानदेशात पांझरा नदीवर जुने बंधारे आणि फड पद्धत आहे. कोल्हापूरकडे राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेले राधानगरी धरण आहे, त्याचे दरवाजे पाणी चढले की आपोआप उघडतात. मराठवाड्यात पैठणचे जायकवाडी आहे, तर विदर्भात लोणारचे उल्केने पडलेले विवर.

सहल मात्र घरी आल्यावर संपवू नका. पुढच्या मृगात पहिला दांडगा पाऊस पडेल, तेव्हा मुलांना घेऊन आपल्याच शेताच्या खालच्या कोपऱ्यावर उभे राहा. बांध फोडून जाणारे पाणी कोणत्या रंगाचे आहे ते त्यांना विचारा. ते गढूळ असेल तर आपली माती चालली आहे, हे त्यांना सांगावे लागणार नाही. निघोज-राळेगण पाहिलेले पोर आपण होऊन पहिला दगड उचलील. त्याला दुसरा तुम्ही द्या.